कायझर्सलाउटर्नच्या घराची दुसरी चावी

हॅम्बर्गच्या मराठी घरांत जेवणं आटोपली आणि मोठी माणसं बडीशेप चघळत बसली, की कोणीतरी हमखास म्हणायचं, "ऊर्मिलाताई, ती फ्राऊ ड्योरची गोष्ट सांगा ना." मग ऊर्मिलाताई बापट जरा आढेवेढे घ्यायच्या, "किती वेळा ऐकणार तेच तेच," म्हणायच्या, आणि शेवटी उभ्या राहायच्याच. बसून सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती, कारण तिच्यात नक्कल होती.

गोष्ट सव्वीस वर्षांपूर्वीची. ऊर्मिला पुण्याहून कायझर्सलाउटर्नच्या विद्यापीठात शिकायला आली आणि फ्राऊ ड्योर नावाच्या बाईच्या घरात वरच्या मजल्यावर एक खोली भाड्याने घेऊन राहिली. स्वयंपाकाचा कोपरा खोलीतच होता, आणि खोलीची दुसरी चावी बाईकडे होती. ऊर्मिला कॉलेजात गेली की बाई वर यायची. जानेवारीच्या थंडीत खिडकी सताड उघडायची, पातेल्यांवरची झाकणं उचलून वास घ्यायची आणि टेबलावर चिठ्ठी ठेवून जायची, 'वास येतो'. एकदा तर तिने आमटी संडासात ओतून पातेलं घासून पालथं घातलं होतं. एके दिवशी अंगात कणकण म्हणून ऊर्मिला दुपारीच परत आली, तर बाई शेगडीपुढे उभी. एका हातात झाकण, नाक पातेल्यात. चोरी पकडली गेली तरी चेहरा तसूभर हलला नाही. "इश हाबं नूर गेशाउट," बाई म्हणाली. मी फक्त बघत होते.

इथे ऊर्मिलाताई हवेत झाकण धरायच्या, मान लांब करायच्या, नाकपुड्या फुगवायच्या आणि ते वाक्य असं काही म्हणायच्या, की माणसं हसून हसून आडवी व्हायची. हसू ओसरलं की त्या गंभीर चेहऱ्याने शेवट करायच्या, "त्याच दिवशी ठरवलं. या देशात माझं स्वतःचं स्वयंपाकघर असेल आणि त्यात कोणीही नाक खुपसणार नाही."

आणि ऊर्मिलाताईंनी ते खरं करून दाखवलं, यात शंका नाही. नोकरी लागल्यावर आठ वर्षांत त्यांनी कायझर्सलाउटर्नमध्येच, विद्यापीठाच्या चढावर, दोन खोल्यांचं घर स्वतःच्या एकटीच्या नावावर घेतलं. खिडकीतून जंगल दिसायचं. स्वयंपाकघरात त्यांना पुण्यासारखा काळ्या दगडाचा ओटा हवा होता. तसा ओटा करून देणारं कोणी मिळेना, तेव्हा स्मशानाशेजारी थडग्यांचे दगड घडवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराकडून त्यांनी तो कापून घेतला. दगडाला हात लावत त्या म्हणायच्या, "हा माझा." पुढे नवऱ्याची, श्रीधररावांची, विमानाच्या कारखान्यातली नोकरी त्यांना हॅम्बर्गला घेऊन आली, ऊर्मिलाताईंना बंदरातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम मिळालं आणि ते घर भाड्याने गेलं. पण घर विकायचा विषय निघाला की त्या जेवणाचं ताट बाजूला सारायच्या.

बारा वर्षं त्यांनी ते घर स्वतः सांभाळलं. दर तीन महिन्यांनी मॅनहाइमला गाडी बदलत सहा तासांचा प्रवास, न्हाणीघरातली बुरशी, तुंबलेली मोरी, नवा भाडेकरू, सगळं. मग पन्नाशीला गुडघ्याने दगा दिला आणि डॉक्टरांनी जिने बंद केले. आता घर सांभाळायला त्या गावातला कोणीतरी माणूस नेमणं भाग होतं.

दोन माणसं समोर होती. एक हेर लाउअर, म्हणजे लाउअरसाहेब. भाड्याची घरं सांभाळायची त्याची छोटीशी कंपनी होती. त्याने आठ पानी करार पाठवला. वर्षातून एकदा घर बघणार, तेही दोन आठवडे आधी भाडेकरूला लेखी कळवून. दुरुस्तीचा निरोप आला तर दुसऱ्या दिवशी माणूस पाठवणार. आणि भाडेकरूच्या घराची चावी स्वतःकडे ठेवणार नाही.

"चावी ठेवणार नाही?" ऊर्मिलाताई फोन ठेवून श्रीधररावांवरच उखडल्या. "अहो, मग हा सांभाळणार काय, डोंबल? वर्षातून एकदा बघायचं तर मी इथून दुर्बिणीने बघेन की."

"त्याला नेम," श्रीधरराव म्हणाले. "त्याला कायदा कळतो."

"कायदा कळतो, पण घर कळतं का?"

दुसरा माणूस प्रताप. हा गणेशोत्सवात भेटला होता. गाडीचे भाग बनवणाऱ्या कंपनीतली त्याची नोकरी गेली होती, तेव्हापासून तो कायझर्सलाउटर्नला नव्या मराठी विद्यार्थ्यांना खोल्या शोधून देणं, विमानतळावरून आणणं, असली पडेल ती कामं करायचा. गोड बोलायचा, वाकून नमस्कार करायचा. "ताई, तुम्ही निर्धास्त राहा," तो म्हणाला. "घरच्यासारखं बघतो." झालं. त्या एका शब्दावर आपली माणसं विकली जातात. आठ पानी करार लिहिणारा परका, आणि तोंडी 'घरच्यासारखं' म्हणणारा आपला. घरी आपण एकमेकांशी कसे वागतो, कोण कोणाची कपाटं उघडतं, कोण कोणाच्या ताटात डोकावतं, हे आठवलं असतं तर ऊर्मिलाताईंनी त्या शब्दाला तिथल्या तिथे हात जोडले असते. त्यांनी दुसरी चावी पाकिटात घालून प्रतापला पाठवली.

चावीबरोबर एक व्हॉइस मेसेजही पाठवला. भाजी चिरता चिरता बोलल्या होत्या, मागे सुरीचा आवाज येत होता. "प्रताप, मुलगी बघा शक्यतो, मुलं घाण करतात. नॉनव्हेज नको हं माझ्या ओट्यावर. अधूनमधून जाऊन नजर टाकत जा. आणि आडनाव बघून घ्या, बरं का. म्हणजे... तुम्हाला कळतंय मी काय म्हणतेय ते." आणि मग एक छोटंसं हसू.

प्रतापला कळलं होतं. असल्या गोष्टी आपल्याकडे कोणाला समजावून सांगाव्या लागत नाहीत. मार्चमध्ये त्याने शिवांगी देशपांडे नावाची नांदेडची मुलगी आणली. ऊर्मिलाताईंनी आडनाव वाचलं आणि समाधानाने मान हलवली.

एप्रिलपासून दर महिन्याला प्रतापचे फोटो येऊ लागले. ओटा, शेगडी, न्हाणीघराच्या फरशा. मग उघडा फ्रिज. मग कपाटातले डबे. ऊर्मिलाताई ते फोटो मैत्रिणींना दाखवायच्या, "बघा, कसं लख्ख आहे. त्या लाउअरने केलं असतं का हे?" एका फोटोत वाळत घातलेले कपडे होते, त्यांत मुलीचे आतले कपडे. तो त्यांनी अंगठ्याने पुढे सरकवला. आणखी एकात, ओट्याच्या कडेला, चित्राच्या अगदी कोपऱ्यात, दोन पाय आले होते. राखाडी मोजे, बोटं आत वळवून जमिनीला घट्ट धरलेली. ते पाय ऊर्मिलाताईंना दिसले होते. पाहून त्यांना एवढंच वाटलं होतं, की पोरगी घरात अनवाणी फिरत नाही, चांगली सवय आहे.

दिवाळीला लेक घरी आली. इरा डार्मश्टाटला शिकत होती, तिथे दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या घरात राहत होती. तिच्या घरमालकाने गेल्या वर्षी हीटर बघायला म्हणून न सांगता कुलूप उघडलं होतं, तेव्हा ऊर्मिलाताईंनी हॅम्बर्गहून फोन करून त्याला अस्खलित जर्मनमध्ये पंधरा मिनिटं सोलला होता. आता फराळाच्या टेबलावर त्यांनी कौतुकाने फोन इरापुढे सरकवला. इराने एक फोटो पाहिला, दुसरा पाहिला, आणि हातातली करंजी खाली ठेवली.

"ती घरी होती?" इराने जर्मनमध्ये विचारलं. मराठी समजत असलं तरी तिचं उत्तर नेहमी जर्मनमध्येच यायचं.

"असेल."

"तिला विचारलं होतं?"

"अगं, प्रतापकाका आपले आहेत. नुसतं बघून येतात."

इराने तो पायांचा फोटो बोटांनी मोठा केला आणि फोन आईपुढे धरला. "दास इस्त एकलिश, मामा," ती म्हणाली. हे किळसवाणं आहे. आणि ती उठून गेली.

श्रीधरराव फराळाच्या ताटल्या उचलून आत गेले. बोलले असते तर ऊर्मिलाताईंना भांडता तरी आलं असतं. त्या एकट्या बसून एप्रिलपासूनचे सगळे फोटो पुन्हा बघू लागल्या, आणि या वेळी त्यांना फरशा दिसेनात. फ्रिजच्या दारातली औषधाची बाटली दिसली. उशीखालून डोकावणारी वही दिसली. प्रत्येक फोटोमागे तो माणूस दिसला, बुटांसकट आत आलेला, बोटांनी डबे उघडणारा. त्यांनी फोन उचलून प्रतापला लावला.

"तुम्ही तिला आधी कळवून जाता ना?"

"कळवून गेलं तर सापडणार काय, ताई?" प्रताप हसला. "आल्झो, म्हणजे, तुम्हाला सांगणारच होतो. आडनावाने फसवलं हो आपल्याला. देशपांडे म्हणून घेतली, आणि पोरगी अंडी खाते! ऑगस्टमध्ये गेलो तर डब्यात कोंबडी. तिथल्या तिथे टॉयलेटमध्ये ओतली. ओटा घासून घेतला तिच्याकडून, समोर उभा राहून. तीनदा. रडायला लागली, पण मी म्हटलं, ताईंचा ओटा आहे, बाटवून चालणार नाही."

थडग्याच्या दगडाचा ओटा. त्याच्या भावंडांखाली अख्खं स्मशान झोपलं होतं, आणि हा कोंबडीने बाटणार होता! ऊर्मिलाताईंच्या मनात हे आलं की नाही, ठाऊक नाही. त्यांना ऐकू आला तो संडासात ओतलेल्या आमटीचा आवाज.

"हे मी सांगितलं होतं तुम्हाला?" त्यांचा आवाज चढला.

"गेनाऊ, अगदी, तुम्हीच तर," प्रताप निरागसपणे म्हणाला. "तुमचा मेसेज आहे ना माझ्याकडे. पोरगी कायदा शिकवायला लागली, तेव्हा तोच पाठवून दिला तिला. गप्प बसली."

फोन ठेवल्यावर ऊर्मिलाताईंनी बेसिनपाशी जाऊन तोंड धुतलं, मग हात धुतले, मग पुन्हा हात धुतले. त्या माणसाची शिसारी येत होती, आणि ती शिसारी त्याच्यापाशी थांबतही नव्हती. सुरीचा तो आवाज, ते छोटंसं हसू त्यांना पाठ होतं. पण माणसाचं मन असं लबाड, की दोन दिवसांत त्यांनी सगळी घाण प्रतापच्या अंगावर लोटून दिली. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्या, एवढीच आपली चूक, असं त्या मैत्रिणींना सांगू लागल्या. शिवांगीला जाऊन भेटायचं, माफी मागायची, आणि तिला फ्राऊ ड्योरची गोष्ट सांगायची, असं त्यांनी ठरवलं. गोष्ट ऐकली की पोरीला कळेल, ही बाई आपल्यातलीच आहे, हिनेही भोगलंय. पोरगी हसेल. हसली की राहील. ती राहायला हवी होती. ती निघून गेली तर त्या घराचा ऊर्मिलाताईंच्या मनातला सगळा अर्थच पुसला जाणार होता.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी, गुडघ्याला पट्टा बांधून, बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन त्या निघाल्या. आदल्या दिवशी, घर आता त्यानेच सांभाळावं म्हणून, हेर लाउअरला फोन केला होता. त्याने खुशाली विचारली नाही, खेद दाखवला नाही. एकच प्रश्न विचारला, "दुसरी चावी सध्या कोणाकडे आहे?"

ती घ्यायला त्यांनी प्रतापला स्टेशनवर बोलावलं होतं. तो आला, चावी दिली, आणि अपमान झालेल्या जावयासारखा उभा राहिला. "आपलेच दात, आपलेच ओठ, ताई," तो म्हणाला. "मी काही ग्रुपवर टाकत नाही. पण तुम्ही त्या जर्मनाला घर देताय, लक्षात ठेवा. आणि हो, पोरगी आजच सोडतेय. सप्टेंबरातच नोटीस दिली होती तिने. तुम्हाला त्रास नको म्हणून बोललो नाही. दुसरी बघून ठेवलीये मी, आडनाव पक्कं आहे." ऊर्मिलाताईंनी पाठ फिरवली. चावी मुठीत गरम आणि घामट लागत होती, त्याच्या हाताच्या घामाने. त्यांनी ती रुमालात गुंडाळली.

तीन जिने चढायला वीस मिनिटं लागली. दारापुढे त्या धापा टाकत थांबल्या, आणि हातात चावी असूनही त्यांनी घंटा वाजवली. याचा त्यांना जरा अभिमानही वाटला.

आतून मुलींचं हसणं ऐकू येत होतं. कोणीतरी भाजी चिरल्यासारखी टेबलावर बोटं आपटत होतं, आणि त्या ठेक्यावर एक मुलगी ओढलेल्या पुणेरी आवाजात बोलत होती, "नॉनव्हेज नको हं माझ्या ओट्यावर! आणि आडनाव बघून घ्या, बरं का..." मग ते छोटंसं हसू. अचूक. तस्संच. पाठोपाठ सगळ्या खिदळल्या. पाठ होती त्या मुलींना, पहिल्या शब्दापासून शेवटच्या श्वासापर्यंत. बऱ्याचदा करून दाखवलेली नक्कल होती ती. कशी बसते नक्कल, हे ऊर्मिलाताईंहून जास्त कोणाला कळणार?

दार शिवांगीने उघडलं. बारीकशी, चष्मा लावलेली, राखाडी मोजे घातलेली. मागे दोन मैत्रिणी खोकी बांधत होत्या. "मी ऊर्मिला बापट," ऊर्मिलाताई म्हणाल्या, आणि मैत्रिणी एकदम उठून खोकी उचलून जिन्याकडे पसार झाल्या. खालून त्यांचं दाबलेलं हसू वर आलं.

"या, काकू," शिवांगी म्हणाली. आवाजात राग नव्हता, रागाची वेळ निघून गेल्यासारखा सरळ होता.

ऊर्मिलाताईंनी बूट काढले. लाडवांचा डबा पुढे केला. "त्या माणसाला मी काढून टाकलं," त्या घाईघाईने म्हणाल्या. "मला काहीच माहीत नव्हतं गं. तू थेट मला का नाही फोन केलास?"

"तुमचा मेसेज ऐकला होता ना," शिवांगी म्हणाली. "मग तुम्हाला काय सांगणार?"

ऊर्मिलाताईंना गोष्ट आठवली. "मी तुझ्याएवढी असताना याच गावात एक घरमालकीण..." त्यांनी सुरुवात केली. शिवांगी मान हलवत ऐकत होती, आणि एका हाताने खोक्याला चिकटपट्टी लावत होती. चिकटपट्टीचा कर्र कर्र आवाज प्रत्येक वाक्यावरून जात होता. आमटी संडासात ओतल्यापर्यंत ऊर्मिलाताई आल्या आणि थांबल्या. पुढे कुठे हसायचं, हेच त्यांना आठवेना.

"काकू, एवढं खोकं खाली ठेवून येते," शिवांगी म्हणाली. "तुम्ही बसा. आणि पुढची मुलगी येण्याआधी कुलूप बदला तेवढं."

ती जिना उतरली. बसायला खुर्ची उरली नव्हती, म्हणून ऊर्मिलाताई स्वयंपाकघरात गेल्या. ओटा स्वच्छ होता, नको इतका स्वच्छ, घासून घासून त्याची चमक गेली होती. शेगडीवर एकच पातेलं होतं, झाकण घातलेलं, अजून कोमट. त्यांनी दगडावर हात फिरवला. खिडकीतून जंगलाकडे पाहिलं. सहा तासांच्या प्रवासात पोटात काही नव्हतं, गुडघा ठणकत होता, आणि मनात काय चाललं होतं ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. हात आपणहून गेला. झाकण उचललं गेलं, मान खाली गेली, आणि त्यांनी श्वास आत ओढला. कांदा, लसूण, अंडी.

पाऊल वाजलं नव्हतं. मोज्यांतले पाय वाजत नाहीत. शिवांगी दारात उभी होती, विसरलेली छत्री घ्यायला आलेली.

ऊर्मिलाताईंच्या एका हातात झाकण होतं, त्याच्यावरचं पाणी थेंबाथेंबाने ओट्यावर गळत होतं.

"मी फक्त बघत होते," त्या म्हणाल्या.

"हो," शिवांगी म्हणाली. तिने छत्री घेतली, आपली चावी ओट्यावर ठेवली आणि मग जराशा संकोचाने म्हणाली, "अंड्याची आमटी आहे, काकू. दुपारची उरलीये. खात असाल तर घ्या, नाहीतर ओतून टाका."